पहिल्या भागातली जखम दुसऱ्या भागात कुठे गेली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तरुण दिग्दर्शकाने कमी खर्चात भयपट केला. त्यातला मुखवटा घातलेला खुनी शेवटी जळून मरतो आणि अगदी शेवटच्या शॉटमध्ये राखेतली त्याची बोटं हलतात. चित्रपट चालला, आता दुसरा भाग ठरला आहे. संहितेत १४ खून आहेत, शूटिंगला २२ दिवस आहेत, आणि निर्मात्यांचं म्हणणं एकच: पहिल्यापेक्षा दुप्पट रक्त दिसलं पाहिजे. दिग्दर्शक विचारतात, रक्त किती लिटर बनवून ठेवू? इफेक्ट सेटवर खरे करू की कॉम्प्युटरवर? आणि जाता जाता एक ओळ लिहिली आहे: "एवढं रक्त बघून लोक सातव्या-आठव्या खुनाला मोबाईल काढून बसतील अशी भीती वाटते."

मी १९ वर्षं प्रोस्थेटिक मेकअप करते आहे. त्यातली बरीच वर्षं कापलेले गळे, जळलेले चेहरे आणि तुटलेले हात बनवण्यात गेली. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे. लिटरचं उत्तर दहा मिनिटांत देता येईल, पण आधी या ओळीचं उत्तर सापडलं नाही तर ते लिटर वाया जातील.

पहिल्या भागात प्रेक्षक दोन गोष्टींनी घाबरतो. हा कोण आहे, आणि हा मरतो की नाही. दुसऱ्या भागाचं तिकीट काढणाऱ्याला दोन्ही उत्तरं माहीत असतात. हा तोच आहे आणि तो मरत नाही. म्हणजे खुन्याबद्दलची उत्सुकता दारातच संपलेली असते. उरते ती फक्त माणसांबद्दलची: कोण किती वेळ टिकेल, आणि टिकलं तर त्याचं काय शिल्लक राहील. म्हणून दुसऱ्या भागातलं रक्त कुणाचं तरी असावं लागतं. आणि एकदा झालेली जखम पुढच्या दृश्यात, पुढच्या दिवशी, पुढच्या भागात तिथेच असावी लागते. मला सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करते. तुमचा पहिला भाग रक्तबंबाळ होता की दबक्या भीतीचा, यावर प्रेक्षकाची अपेक्षा ठरते. चित्रपटगृहासाठी प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर कोणता शॉट किती सेकंद टिकेल हे तुमच्या हातात पूर्णपणे नसतं, त्यामुळे प्रत्येक मोठ्या प्रसंगाचं एक सौम्य कव्हरेज, म्हणजे कमी रक्ताचे पर्यायी शॉट, घेऊन ठेवावं लागतं. आणि मेकअपच्या टीममध्ये दोन माणसं आहेत की सहा, यावर तर सगळंच अवलंबून आहे. संहिता मी वाचलेली नाही, तुम्ही जेवढं लिहिलं आहे त्यावरूनच बोलते आहे.

"दुप्पट रक्त" हा आग्रह नवा नाही. १९७८ चा 'हॅलोविन' आठवा. लोकांना तो रक्ताळलेला वाटतो, पण पुन्हा पाहिला तर लक्षात येतं की त्यात रक्त जवळजवळ नाहीच. अंधार, श्वास आणि थांबून बघणारा एक माणूस, एवढ्यावर तो उभा आहे. १९८१ मध्ये दुसरा भाग आला तोवर बाजारात बरेच जास्त रक्ताळ चित्रपट आले होते. दुसऱ्या भागाचा दिग्दर्शक वेगळा होता, तरी पहिल्या भागाच्या दिग्दर्शकाने, जॉन कार्पेंटरने, नंतर काही रक्ताळ प्रसंग स्वतः चित्रित करून त्यात घातले. मी शिकाऊ मुलांना हे दोन्ही भाग एकाच दिवशी दाखवते आणि दुसऱ्या दिवशी विचारते, कोणता मृत्यू आठवतो? बहुतेकांना पहिल्या भागातला, भिंतीला सुरीने खिळलेला मुलगा आठवतो. त्यात रक्त दिसतच नाही. खुनी मान तिरकी करून त्याच्याकडे बघत राहतो, ते आठवतं.

पण म्हणून रक्त कमी करा असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. रक्तपात हेच ज्याचं वचन आहे असा चित्रपट ते वचन मोडून चालत नाही. २०२२ चा 'टेरिफायर २' बघा. साधारण अडीच लाख डॉलरचं बजेट, १३८ मिनिटांची लांबी, आणि जगभरात दीड कोटी डॉलरच्या आसपास कमाई. डेमियन लिओन हा त्याचा दिग्दर्शक मूळचा मेकअप इफेक्टचाच माणूस, त्यामुळे रक्ताची कसर नाही. पण या लांबीचा मोठा वाटा कशावर खर्च झाला आहे ते मोजा. सिएना नावाची मुलगी, तिचा भाऊ, त्यांची आई, वडिलांनी काढलेल्या चित्रावरून तिने स्वतः शिवलेला पोशाख. पहिल्या भागावर मुख्य टीका होती की त्यात माणसं नाहीत, नुसते बळी आहेत. दुसऱ्या भागाने ती उणीव भरून काढली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे व्हिक्टोरिया. पहिल्या भागात तिचा चेहरा विद्रूप होतो आणि ती वाचते. पुढच्या भागात ती नाहीशी होत नाही. त्याच चेहऱ्याने ती परत येते, आणि अमानवी शक्तीचा धागा तिच्याच शरीरातून पुढे जातो. खुनी परत आला हे अमानवी, पण तिची जखम राहिली हे खरं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की पहिलीवरही विश्वास बसतो.

आता तुमच्या नायिकेकडे येते. तुम्ही लिहिलं आहे की पहिल्या भागात तिच्या डाव्या तळहातातून खिळा आरपार जातो आणि ती हात ओढून सोडवते. पहिल्या भागातला सगळ्यात चांगला क्षण तोच, असं तुम्हीच म्हणता. आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला, एका वर्षानंतर, ती गच्चीच्या पाइपला धरून वर चढते. मला लगेच विचारावंसं वाटलं, कोणत्या हाताने?

असा खिळा आरपार गेलेला आणि ओढून सोडवलेला हात वर्षभरात कसा होईल, याचा विचार करा. आत शिरा आणि स्नायूबंध तुटलेले असू शकतात. मधलं बोट पूर्ण मिटत नसेल. वण सुरुवातीला लालसर-जांभळा आणि उंच असतो, मग महिन्यामहिन्याने बसत जातो. सावळ्या त्वचेवर तो बरेचदा गडद राहतो आणि मध्ये त्वचा थोडी चकाकते, कारण तिथे पूर्वीच्या रेषा आणि छिद्रं उरलेली नसतात. हाताच्या पाठीवर हा वण मी पातळ सिलिकॉनच्या पीसने करीन. त्याच्या कडा इतक्या पातळ हव्यात की बोटाने चाचपलं तरी कळू नयेत. तळव्याच्या बाजूला मात्र पीस लावणार नाही. तळवा घामेजतो, सारखा मिटतो, दोन तासांत कडा सुटतात. तिथे अल्कोहोलने विरघळणारे रंग वापरून थरांमध्ये वण रंगवायचा आणि दर ब्रेकला तपासायचा. वाळताना त्वचा आक्रसवणारं कोलोडियन जुन्या वणांसाठी उत्तम, पण तळव्यावर तेही टिकत नाही.

हे सगळं मी सविस्तर लिहिते आहे कारण या वणाचं पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे. एका चित्रपटात मी एका अभिनेत्रीला जबड्यापासून कानापर्यंत जुना वण केला होता. ३४ दिवस रोज सकाळी ५० मिनिटं. आठव्या-नवव्या दिवसापासून ती आरशासमोरून उठताना केस त्या बाजूला ओढून घ्यायला लागली. कॅमेरा नसतानासुद्धा. कुणी बोलायला आलं की ती मान किंचित फिरवायची. दिग्दर्शकाने हे पाहिलं आणि एक दृश्य त्याभोवती नव्याने लिहिलं: खुनी समोर येतो आणि ती पहिल्यांदा मान फिरवत नाही. त्या दृश्यात रक्ताचा थेंबही नव्हता आणि चाचणी प्रदर्शनात सभागृह तिथे सगळ्यात जास्त गप्प झालं होतं.

म्हणजे आत्तापर्यंतचा हिशोब असा: खुनी मरत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून वजन माणसांच्या शरीरावर टाकायचं, आणि शरीराने सगळं लक्षात ठेवायचं. आता निर्मात्यांना पटेल अशा भाषेत येते, म्हणजे वेळेच्या.

रक्ताचा खर्च लिटरमध्ये होत नाही, रिसेटमध्ये होतो. तुमचे १४ खून धरा. प्रत्येकात रक्ताचे तीन शॉट, प्रत्येकाचे निदान दोन टेक. ८४ टेक झाले. प्रत्येक टेकनंतर कलाकाराला पुसायचं, केस धुवायचे, नवा शर्ट चढवायचा, जमीन आणि भिंत साफ करायची, नळ्या भरायच्या. सगळं सुरळीत झालं तर ४५ मिनिटं. ८४ गुणिले ४५ म्हणजे ६३ तास. बारा तासांच्या पाळीने तुमच्या २२ दिवसांतले पाच दिवस नुसते पुसण्यात जातात, त्यात अभिनय नाही की दिग्दर्शन नाही. शिवाय एकाच शर्टाच्या पाच-सहा प्रती लागतात. कपडेपटाला हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या टेकलाच काम थांबतं.

मी तुमच्या जागी असते तर खून आठवर आणले असते. त्यातले दोन मोठे. ते पूर्ण दाखवायचे, कॅमेरा हलवायचा नाही, बजेटचा अर्धा भाग तिथेच. पहिला मोठा खून साधारण पंचविसाव्या-तिसाव्या मिनिटाला, आणि तो अशा माणसाचा ज्याला प्रेक्षक नायिकेइतकंच ओळखायला लागला आहे. एकदा हे पाहिलं की पुढे प्रत्येक बंद दाराची भीती बसते, कारण चित्रपट कुठपर्यंत जाऊ शकतो हे कळलेलं असतं. मग मधले चार खून तुम्ही दाराच्या या बाजूने, आवाजावर, किंवा नंतर सापडलेल्या शरीरावर दाखवू शकता आणि कुणी फसवलं गेलं असं म्हणणार नाही. उरलेले दोन जलद, अंगावर येणारे. दुसरा मोठा खून शेवटाकडे. आणि तो पहिल्यापेक्षा जास्त रक्ताचा असण्याची गरज नाही, जास्त जवळचा मात्र असावा.

तुमच्या सातव्या-आठव्या खुनाच्या भीतीचं उत्तर हेच आहे. सारख्या तीव्रतेचं काहीही सलग दाखवलं की मन ते बंद करून टाकतं. रक्त सुन्न करत नाही, त्याची एकसुरी लय सुन्न करते.

सेटवरचं खरं की कॉम्प्युटरवरचं? माझा नियम साधा आहे. जे रक्त त्वचेला, कापडाला किंवा केसांना लागतं ते खरं असावं. हवेतले थेंब, नळी पुसून टाकणं, हात खरोखर नाहीसा करणं, पीसची सुटलेली कड लपवणं, हे सगळं कॉम्प्युटरवर खुशाल करा. अंगावर पडलेल्या गार, चिकट गोष्टीला कलाकार जी दाद देतो ती नंतर घालता येत नाही. आणि खऱ्या इफेक्टमध्ये अपघाताने काही चांगलं घडतं. 'फ्रायडे द थर्टीन्थ' या १९८० च्या चित्रपटात केविन बेकन या अभिनेत्याच्या गळ्यातून बाण बाहेर येतो. बेकन प्रत्यक्षात पलंगाखाली गुडघ्यावर होता, फक्त डोकं वर, आणि पुढे दिसते ती मेकअप इफेक्ट करणाऱ्या टॉम साविनीने बनवलेली खोटी मान आणि छाती. ऐन टेकमध्ये रक्ताच्या पंपाची नळी सुटली. साविनीच्या सहाय्यकाने ती तोंडात धरून फुंकली, आणि त्यामुळे रक्त जे उसळलं ते पंपाने आलं नसतं असं उसळलं. पण लक्षात घ्या, खोटी मान एकच होती. एक टेक. अशा दिवशी सकाळी तुम्ही दुसरं काही शेड्यूल करायचं नसतं.

रक्ताबद्दल आता थोडक्यात. ग्लुकोज किंवा कॉर्न सिरप, लाल खाद्यरंग, आणि त्यात अगदी थोडा निळा किंवा तपकिरी, हा पाया. नुसता लाल घातला तर सरबत दिसतं. तोंडातून येणारं रक्त पूर्ण खाण्यायोग्यच असलं पाहिजे, आणि डोळ्याजवळ सिरप कधीच नाही, तिथे त्यासाठीच बनवलेलं पातळ रक्त वापरायचं. कापडावर सिरप शोषलं जात नाही, वर मणी होऊन बसतं. थेंबभर भांडी घासायचा साबण घातला की पसरतं, पण मग ते तोंडाजवळ चालणार नाही. दोन डबे वेगळे ठेवायचे आणि मोठ्या अक्षरात लिहायचं. रात्रीच्या निळ्या प्रकाशात लाल रंग काळा दिसतो, म्हणून त्या दृश्यांसाठी उजळ रक्त वेगळं बनवायचं आणि कॅमेऱ्यातून बघूनच पक्कं करायचं.

लिटरचं म्हणाल तर, मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. अर्धा पेला रक्त पांढऱ्या शर्टावर पडलं तरी बघणाऱ्याला माणूस मेलाच असं वाटतं. दोन मोठ्या प्रसंगांना प्रत्येकी २० लिटर आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून १५ लिटर, एवढ्यात तुमचं काम भागेल. आणि एक गोष्ट तुमच्या छायाचित्रकाराशी बोलून ठरवा: हृदय चालू आहे तोवर धमनीतलं रक्त ठोक्याठोक्याने उसळतं, हृदय थांबलं की ते फक्त ओघळतं. प्रेक्षकाने वैद्यकशास्त्र शिकलेलं नसतं, पण मेलेल्या शरीरातून कारंजं उडालं की त्याला आतून खोटं वाटतं. उलट, उसळणं थांबतं तो क्षण नीट धरला तर मृत्यू वेगळा सांगावा लागत नाही.

खुन्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. जळून मेलेला माणूस परत आला आहे. त्याला कापलं तर काय बाहेर येतं? रक्त, राख, की काहीच नाही? तो बरा होतो का, की प्रत्येक घावागणिक अजून फाटत जातो? 'फ्रायडे द थर्टीन्थ' मालिकेत १९८६ च्या सहाव्या भागात जेसन हा खुनी विजेच्या झटक्याने थडग्यातून उठतो आणि तिथून पुढे तो उघडपणे प्रेत असतो. मग मेकअपलाही सडण्याची भाषा सापडते. तुमच्या माणसाची भाषा जळण्याची आहे. मी त्याला लाल रक्त देणारच नाही. घाव बसला की वरची काळी खपली तडकावी आणि खाली ओलसर, फिकी त्वचा दिसावी. चित्रपटात लाल रक्त फक्त जिवंत माणसांचं. हा नियम कुणी बोलून दाखवायचा नाही. अमानवी गोष्टीत नियम जितके कमी आणि जितके पक्के, तितकी भीती टिकते.

चुकीचीही एक गोष्ट सांगते, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. एकदा शूटच्या आदल्या रात्री आम्ही छातीचा मोठा सिलिकॉन पीस ओतला. सकाळी साचा उघडला तर पृष्ठभाग चिकट, च्युइंगमसारखा. सिलिकॉन प्लॅटिनम प्रकारचं होतं आणि नव्या मुलाने लॅटेक्सचे हातमोजे घालून साचा पुसला होता. लॅटेक्सने आणि गंधक असलेल्या मातीने हे सिलिकॉन घट्ट होतच नाही. चूक त्या मुलाची नव्हती, मी सांगितलं नव्हतं. अर्धा दिवस गेला. तेव्हापासून आमच्या खोलीत लॅटेक्सचा एकही मोजा येत नाही, आणि कोणताही पीस शूटच्या किमान चार दिवस आधी ओतून झालेला असतो, दुसऱ्या प्रतीसकट.

आणि सुरक्षितता. सिरप सांडलेली फरशी तेलापेक्षा वाईट. धावण्याच्या शॉटमध्ये बुटांच्या तळाला रबर लावा. मोठ्या प्रमाणात द्रव ओतायचा असेल तर वीज किती दूर आहे ते आधी बघा. १९८४ च्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मध्ये पलंगातून रक्ताचं कारंजं छताला जातं. त्यासाठी फिरणारी खोली उलटी करून लाल पाणी वरून ओतलं होतं. पाण्याचं वजन सरकलं, खोली भलत्या दिशेला फिरली आणि पाणी दिव्यांपर्यंत पोहोचलं. त्या दिवशी कुणाला काही झालं नाही हे नशीब. रक्ताने भिजलेला कलाकार वीस मिनिटांत गारठतो, त्याच्यासाठी गरम पाणी आणि टॉवेल मेकअपच्या यादीत लिहा, "कुणीतरी बघेल" म्हणून सोडू नका. प्रत्येक मोठ्या प्रसंगाआधी त्याला नळी कुठे आहे, पात्याला धार नाही, थांबवायचा शब्द कोणता, हे सगळं हातात देऊन दाखवा. निर्धास्त कलाकार जास्त घाबरलेला दिसतो, हे मी वारंवार पाहिलं आहे.

या आठवड्यात दोन कामं करा. एका मोठ्या कागदावर प्रत्येक पात्राचं शरीर काढा आणि दृश्य क्रमांकानुसार कुठे काय लागलं, किती रक्त, किती वाळलेलं, ते लिहा. ताजं रक्त लाल, तासाभरात गडद, दुसऱ्या दिवशी तपकिरी. तुम्ही दृश्यं उलटसुलट क्रमाने चित्रित करणार, तेव्हा हाच कागद वाचवेल. आणि दुसरं, नायिकेच्या डाव्या हाताचा साचा आत्ताच घ्या. साच्यासाठी वापरतात ते अल्जिनेट पाच-सहा मिनिटांत घट्ट होतं, तिला त्रासही होणार नाही. मग तिला सांगा, आजपासून घरी पेला, किल्ली, फोन उजव्या हातानेच धर, आणि डाव्याचं मधलं बोट मिटू देऊ नकोस. शूटिंग सुरू होईपर्यंत ते तिच्या अंगवळणी पडलेलं असेल. गच्चीच्या पाइपवरचं दृश्य त्यानंतर पुन्हा लिहा.